गोवळकोंड्याच्या नावाखाली १,९०,००० रुपये उकळले. हिऱ्याचा देश सांगणाऱ्या कागदाला भुलू नका

हिरा खरा आहे. वजन बरोबर आहे. तरीही माझे १,९०,००० रुपये लुबाडले गेले, आणि ते कसे हे समजून घ्यायची एकाही कार्यालयाची तयारी नाही, म्हणून इथे लिहितोय. कोल्हापुरात हा माणूस अजून फिरतोय.

मुलीचं लग्न ठरलं. अंगठीसाठी एक कॅरेटच्या आसपासचा हिरा घ्यायचा होता. पाहुण्यांच्या ओळखीतून एक दलाल घरी आला. बोलणं गोड, घाई अजिबात नाही. म्हणाला, एका जुन्या संस्थानी घराण्यातला गोवळकोंड्याचा हिरा आहे, नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाला, "काकू, तुमच्या वाडीच्या घाटाला लागून जी कृष्णा जाते ना, त्याच कृष्णाकाठचा हिरा आहे हा." ही वर्षानुवर्षं नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला जाते. नेमकं कुठे बोट ठेवायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि इतिहास खोटा नाहीच. गोवळकोंडा ही बाजारपेठ. खाणी खाली आंध्रात, कृष्णेच्या काठाने कोल्लूरकडे. कोहिनूरही तिथलाच मानतात. खोटं एवढंच की या पुडीतला हिरा तिथला आहे.

हिरा १.०२ कॅरेटचा. सोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचा रिपोर्ट. नंबर वेबसाइटवर टाकून पाहिला, जुळला. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला तोच नंबर भिंगातून वाचला. बिल ४,६०,००० रुपये, वर जीएसटी ६,९००, असे ४,६६,९०० आरटीजीएसने दिले. आणि गोवळकोंड्याचे म्हणून १,९०,००० वेगळे, रोख, बिलात नाहीत. कारण काय, तर घराण्याला नाव कागदावर नको. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, म्हणून आकडा बरोबर त्याच्या आत बसवलेला. रोख का दिले असं विचारणाऱ्यांनी आधी सांगावं, लग्नाच्या खरेदीत कुणाच्या घरी एक रुपयाही रोख जात नाही?

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही रात्री झोप उडते. त्याने दुसरा एक कागद दिला. जाड, सोनेरी किनारीचा. वर छापलेलं: मूळ देश भारत, गोवळकोंडा. त्याच्या चार बोटं खाली गोल शिक्का: किंबर्ली प्रोसेस प्रमाणित. दोन्ही एकाच कागदावर! किंबर्ली प्रोसेस ही कच्च्या हिऱ्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारी अनेक देशांची व्यवस्था, सुरू झाली २००३ मध्ये. बंडखोरांच्या लढायांना पैसा पुरवणारे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून. तिचा दाखला मिळतो फक्त कच्च्या हिऱ्यांना, तोही सीलबंद पेटीतून एका देशातून दुसऱ्या देशात जाताना, सगळ्या मालाला मिळून एक. पैलू पडले की तो संपला. मग शेकडो वर्षांपूर्वी खाणीतून निघालेल्या, पैलू पाडून कुणाच्या तिजोरीत पडून असलेल्या हिऱ्याला हा शिक्का मिळेलच कसा? जे तो सांगत होता ते त्याच्याच कागदावर खोटं ठरत होतं, आणि तो कागद माझ्या हातात होता.

पण हे सामान्य गिऱ्हाइकाला सांगतो कोण? माझी फौंड्री आहे. आमच्याकडे कास्टिंगवर हीट नंबर असतो, त्यावरून ते कुठल्या दिवशीच्या कुठल्या वितळीतून ओतलं हे सांगता येतं. मी हिऱ्याचाही कागद मागितला, कागद मिळाला. माझ्या जागी दुसऱ्या कुणी यापेक्षा वेगळं काय केलं असतं?

अंगठी घडवायला गुजरीतल्या आमच्या जुन्या सराफाकडे दिली. त्याने भिंग लावलं, हिरा चिमट्यात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, माल चांगला आहे, पण हा आजच्या मशिनवर घासलाय. जुन्या घरातल्या हिऱ्याचा घाट असा नसतो." दलालाला फोन केला. उत्तर तयारच: "काका, रिकट केलाय." मग मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. फी ३,८०० रुपये. निकाल: नैसर्गिक हिरा, टाइप वन-ए, म्हणजे आत नायट्रोजन आहे. गोवळकोंड्याचे नावाजलेले हिरे टाइप टू-ए, ज्यांत नायट्रोजन जवळजवळ नसतोच. आणि टू-ए निघाला असता तरी गोवळकोंडा सिद्ध झाला नसता. बोत्स्वानाच्या कारोवे खाणीत २०१५ मध्ये सापडलेला १,१०९ कॅरेटचा लेसेडी ला रोना हाही टू-ए च आहे.

तिथल्या माणसाने स्पष्ट सांगितलं की पैलू पाडलेल्या हिऱ्यात बघून त्याचा देश कुठलीच लॅब खात्रीने सांगू शकत नाही. हिरा म्हणजे कार्बन, दीडशे किलोमीटर आणि त्याहूनही खोल तयार झालेला. सगळीकडे तेच. माणिक, नीलम, पाचू यांचं तसं नाही. त्यांच्यातली सूक्ष्म द्रव्यं आणि आतल्या खुणा पाहून लॅब देशाबद्दल मत देते. दलालाने मला "मूळ म्यानमार" लिहिलेला माणकाचा रिपोर्ट दाखवला होता, हिऱ्याचंही असंच असतं म्हणून. तो रिपोर्ट खरा असेलही. हिऱ्याला तो लागू नाही. जीआयए २०१९ पासून देशाचा रिपोर्ट देते, पण त्यासाठी कच्चा हिरा आधी त्यांच्याकडे तपासलेला लागतो आणि मग पैलू पाडलेला त्याच्याशी जुळवतात. जी-७ देशांनी २०२४ मध्ये रशियन हिऱ्यांवर निर्बंध घातले, तेव्हा त्यांनाही खाणीपासूनची कागदपत्रंच मागावी लागली. एवढ्या मोठ्या देशांना हिऱ्याकडे बघून सांगता येत नाही, ते हा दलाल माझ्या दिवाणखान्यात बसून सांगत होता.

माझ्या साध्या रिपोर्टवर वजन, रंग, शुद्धता, कट सगळं आहे. देशाची ओळच नाही. तुमचा रिपोर्ट काढा आणि बघा.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी बिल वाचलं आणि म्हणाले, "यात गोवळकोंडा कुठंय? हिरा नकली आहे का? नाही ना? मग हा दिवाणी मॅटर." सोनेरी कागद पुढे केला, तर यावर सही कुणाची, असं मलाच विचारलं. अहो, तेच शोधायला तर तुमच्याकडे आलो! तक्रारअर्ज घेतला, पोच देताना कुरकुर. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात सांगितलं, वजन बरोबर आहे ना, मग आमचा विषय नाही. तिसरीकडे विचारलं, हॉलमार्क आहे का? हॉलमार्क सोन्या-चांदीचा असतो, हिऱ्याचा नसतो, हे त्या खुर्चीतल्या माणसाला मी समजावायचं? प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न: तुम्ही रोख का दिलेत? घेणाऱ्याला कुणीच काही विचारत नाही. तो राजरोस गाडीतून फिरतो आणि मी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन जिने चढतो.

देशाच्या नावाखाली जादा पैसे मागितले तर ते नाव बिलात लिहून घ्या. लिहायला नकार आला की तिथेच उठा. कच्च्या हिऱ्यापासूनचा माग मागा. नसेल तर देशाचे पैसे शून्य. हिरा आधी सराफाला दाखवा, पैसे नंतर. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. माझ्याकडे त्याचा "गोवळकोंडा ओरिजिनल" लिहिलेला मेसेज आहे, आणि आज तेवढाच माझ्या बाजूने बोलतोय. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. माझ्या बिलाचा आकडा त्यात बसतो, म्हणून कागद वकिलाकडे दिलेत.

असा सोनेरी किनारीचा कागद ज्यांच्याकडे असेल, त्यांनी लाजेने फाडून टाकू नका. त्याचा फोटो काढा, पैसे कधी आणि कसे दिले ते मागे लिहून ठेवा आणि मला कळवा. एकट्याच्या तक्रारीला दिवाणी मॅटर म्हणून परत पाठवतात. चार जणांचे सारखे कागद एकदम टेबलावर ठेवायचे आहेत.