एल्गिन आणि विंटर गार्डन, टोरंटो: एकावर एक बांधलेल्या दोन नाट्यगृहांची फेरी

टोरंटोच्या यंग स्ट्रीटवरून एल्गिनचा दरवाजा अरुंद दिसतो आणि आत एवढा पसारा असेल अशी कल्पनाही येत नाही. लांबलचक दालन ओलांडल्यावर मखमल, सोनेरी नक्षी आणि सज्जे यांनी भरलेले 1913 सालचे नाट्यगृह समोर येते. त्याच्या डोक्यावर, रस्त्यापासून सात मजले उंच, विंटर गार्डन हे दुसरे नाट्यगृह आहे, जे 1914 च्या फेब्रुवारीत सुरू झाले. वास्तुविशारद थॉमस लॅम यांनी मार्कस लो यांच्या नाट्यगृहसाखळीसाठी ही जोडी उभारली. गाणी, नाच, कसरती, जादू आणि विनोदी प्रवेश एकाच तिकिटात दाखवणाऱ्या व्होडव्हिलचा तो भरभराटीचा काळ होता. अशी दुमजली नाट्यगृहे आज जगात जवळजवळ उरलेली नाहीत, त्यामुळे स्वयंसेवक मार्गदर्शकांबरोबरची ही सुमारे दीड तासाची फेरी नाटकवेड्या माणसाने अवश्य करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खालचे नाट्यगृह देखणे आहे, पण माझे मन वरच्या मजल्यावर गुंतले. विंटर गार्डनचे छत खऱ्या बीच वृक्षाच्या पानांनी झाकलेले आहे, त्यांतून कंदील लोंबतात, खांब झाडांच्या बुंध्यांसारखे रंगवलेले आहेत आणि भिंतींवर हाताने चितारलेली बाग आहे. बोलपटांचे युग येऊ लागले तेव्हा, 1928 मध्ये, हे नाट्यगृह बंद झाले आणि सुमारे साठ वर्षे तसेच पडून राहिले. खालच्या नाट्यगृहात मात्र चित्रपट चालत राहिले, आणि वापराबरोबर त्याचे मूळ रूप झाकत, बदलत गेले. ज्याला सगळे विसरले तेच अधिक अस्सल राहिले, ही गोष्ट तिथे उभे असताना फार जाणवते.

ऑन्टॅरिओच्या वारसा संस्थेने 1981 मध्ये इमारत विकत घेतली आणि 1987 ते 1989 या काळात मुख्य जीर्णोद्धार झाला. या कामातला संयम मला सर्वांत मोलाचा वाटतो. वरच्या भिंतींवरची चित्रे जलरंगातली असल्यामुळे पाण्याचा हात लागला असता तर काजळीबरोबर चित्रेही वाहून गेली असती; म्हणून पावाच्या कच्च्या कणकेचे गोळे भिंतीवरून हलके फिरवून मळ टिपून घेतला, आणि त्यासाठी शेकडो पौंड कणीक लागली. चित्रे नव्याने रंगवून घेणे निश्चितच सोपे गेले असते. छतासाठीही प्लॅस्टिकची पाने न वापरता बीचच्या हजारो फांद्या आणून, टिकवून आणि अग्निरोधक करून टांगल्या. वरच्या खुर्च्या शिकागोच्या बायोग्राफ चित्रपटगृहातून आणल्या आहेत. एल्गिनच्या नक्षीवर ॲल्युमिनियमचे तीन लाखांहून अधिक पातळ वर्ख चढवले गेले. 15 डिसेंबर 1989 रोजी, खालच्या नाट्यगृहाच्या पहिल्या उद्घाटनाला बरोबर 76 वर्षे होत असताना, दोन्ही रंगमंच पुन्हा खुले झाले आणि आजही तिथे प्रयोग होतात.

मराठी प्रेक्षकाला सर्वांत जवळचे वाटतील ते इथले रंगवलेले पडदे. बंद पडलेल्या विंटर गार्डनमध्ये व्होडव्हिलच्या नेपथ्याचा मोठा साठा सापडला. एवढा मोठा संग्रह जगात दुसरीकडे टिकलेला नाही. त्यांतले फुलपाखराचे नेपथ्य पाहताना मला संगीत नाटकांतले राजवाड्याचे आणि उपवनाचे पडदे आठवले, आणि नाटक मंडळ्यांबरोबर आपल्याकडचे असे किती पडदे कुठल्या गोदामांत कुजून गेले असतील या विचाराने जीव हळहळला.

फेरीत जिने बरेच आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी लिफ्टची चौकशी आधीच करावी. वर पोहोचल्यावर लगेच रंगमंचाकडे जाऊ नये. आधी बाल्कनीखाली थांबून मान वर करावी, कारण पाने सर्वांत जवळून तिथेच दिसतात आणि त्यांच्या शिराही मोजता येतात.