रिमोट सर्व्हरवरून दुकानातल्या प्रिंटरवर बिल: दहा महिन्यांचा अनुभव

लातूरला आमचं पाइप-फिटिंगचं होलसेल दुकान आहे. हिशोबाचं सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर (दूरच्या, इंटरनेटवरून वापरायच्या कॉम्प्युटरवर) नेलं त्याला दहा महिने झाले. लॉगिन, स्पीड, बॅकअप याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते प्रिंटरबद्दल, आणि त्यातही त्याच्या नावापुढच्या आकड्याबद्दल.

जूनमधल्या एका सकाळी टेम्पो भरून दारात उभा होता आणि बिल निघेना. स्क्रीनवर ‘प्रिंटर सापडला नाही’ एवढंच. प्रिंटर चालू, कागद लावलेला, दुकानातल्या कॉम्प्युटरवरून टेस्ट पेज खटाखट आलं. सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "साहेब, डॉट मॅट्रिक्स जुना झाला, लेझर घ्या." (डॉट मॅट्रिक्स म्हणजे पिना रिबनवर आपटून ठिपक्यांनी छापणारा आमचा प्रिंटर.) मला राग आला तो याचाच. माल पाठवताना जीएसटीच्या बिलाच्या तीन प्रती लागतात. कार्बनच्या कागदावर त्या एका फटक्यात निघतात आणि रिबनचा खर्च किरकोळ असतो. चालता प्रिंटर मी का टाकून द्यायचा?

खरं कारण त्या आकड्यात होतं. रिमोट सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर लॉगिन करून काम चालू असताना, आपला प्रिंटर स्वतःच्या नावाने दिसत नाही, नावापुढे ‘रीडायरेक्टेड’ आणि सेशनचा नंबर लागतो. आदल्या दिवशी ७ होता. रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि सकाळी १२ झाला. सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह केलेला होता ७ वाला, आणि तो आता अस्तित्वातच नव्हता. नुसती खिडकी बंद करून परत त्याच सेशनला जोडलं तर नंबर तोच राहतो. साइन आउट केलं की तो बदलू शकतो. आमचा बिलिंगचा मुलगा शिस्तीने रोज साइन आउट करायचा, आणि रोज सकाळी प्रिंटर नव्याने निवडत बसायचा. दोन महिने मी त्यालाच बोलत होतो. चूक माझी होती.

उपाय फुकटचा निघाला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर डॉट मॅट्रिक्स डिफॉल्ट (आपोआप निवडला जाणारा) केला, सर्व्हरच्या पॉलिसीत (सेटिंगमध्ये) ‘फक्त क्लायंटचा, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरचा, डिफॉल्ट प्रिंटर पाठवा’ हे चालू करून घेतलं, आणि सॉफ्टवेअरला प्रिंटरचं नाव न देता ‘डिफॉल्ट’वर ठेवलं. आता आकडा कितीही होवो.

इथपर्यंत माझं मत ‘ठीक’ एवढंच होतं, कारण एक बिल यायला दीड-दोन मिनिटं लागायची. हा उशीर इझी प्रिंटमुळे होता. रिमोटवरून छापायची ही सोय विंडोज सर्व्हर २००८ पासून आहे. त्यात सर्व्हरवर प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्राम) टाकावा लागत नाही. पान एक्सपीएस या फाइलच्या प्रकारात तयार होऊन रिमोटच्याच जोडणीतून आपल्याकडे येतं आणि इथला ड्रायव्हर ते छापतो. वेगळा पोर्ट उघडायची गरज नाही. ‘प्रेफरन्सेस’ दाबलं की खिडकीही आपल्याच कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हरची उघडते, हे मला फार आवडलं. लेझर-इंकजेटवाल्यांना याहून जास्त काही करायची गरज नाही. पण नऊ पिनांच्या प्रिंटरला ते अख्खं पान चित्र म्हणून मिळतं, आणि तो एकेक ओळ ठिपक्यांनी रंगवत बसतो. सॉफ्टवेअरचा जलद टेक्स्ट मोड (चित्राऐवजी थेट अक्षरं पाठवणारा) त्या वाटेने जातच नाही.

सप्टेंबरमध्ये सर्व्हरच्या कंपनीशी तिसऱ्यांदा भांडल्यावर त्यांच्याकडचा एक जाणता माणूस फोनवर आला. त्याने ‘आधी इझी प्रिंट वापरा’ ही पॉलिसी बंद केली आणि सर्व्हरवर आमच्या प्रिंटरचाच ड्रायव्हर बसवला. ड्रायव्हरचं नाव दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं लागतं. पहिल्यांदा आमच्याकडे वेगळ्या नावाचा होता म्हणून जुळलं नाही, मग इथला बदलला. सर्व्हरवर ड्रायव्हर बसवायचं काम ॲडमिनच (सर्व्हरचे सगळे अधिकार असलेला माणूस) करू शकतो. २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमधली (विंडोजमध्ये छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागातली) सुरक्षेची मोठी त्रुटी उघडकीला आली, तेव्हापासून ड्रायव्हर टाकण्यावर कडक बंधन आहे, आणि ते योग्यच आहे. दहा बाय सहा इंचाच्या कागदाचा फॉर्मही (कागदाचं माप) सर्व्हरवर नोंदवावा लागला, नाहीतर प्रत्येक बिलानंतर कोरा कागद पुढे सरकायचा.

त्या दुपारी पहिलं बिल दहा सेकंदांत आलं, तिन्ही प्रती ठळक. मी आणि तो मुलगा दोघंही प्रिंटरजवळ उभे राहून पाहत होतो. संध्याकाळी त्याची माफी मागितली.

मार्चमध्ये सर्व्हरच्या भाड्याचं नूतनीकरण आहे, ते करणार. पण आधी ड्रायव्हरचं नेमकं नाव, फॉर्मचं माप आणि दोन्ही पॉलिसी कंपनीकडून लेखी घेणार, कारण त्यांनी सर्व्हर बदलला तर हे सगळं पुन्हा बसवावं लागेल आणि तो माणूस तेव्हा तिथे असेलच असं नाही.