रेड डेड रिडेम्प्शन २: एका फिजिओथेरपिस्टचा काही महिन्यांचा अनुभव

हा गेम २६ ऑक्टोबर २०१८ रोजी पीएस-४ आणि एक्सबॉक्स वन या गेम कन्सोलांवर आला, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पीसीवर. म्हणजे बहुतेकांचा तो खेळून आणि कौतुक करून झालेला आहे. मी पावसाळ्यात सुरुवात केली आणि दिवाळीनंतर कथा संपवली. ग्राफिक्स किती सुंदर, घोडे किती खरे, हे सगळीकडे वाचायला मिळेल. मी लिहिणार आहे ते त्यातल्या हिंसेबद्दल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात पाचपाखाडीला माझं क्लिनिक आहे. घोडबंदर रोडवर बाईकवरून पडलेले, लोकल पकडताना पाय सटकलेले, खांदा जखडलेले असे पेशंट दिवसभर माझ्या हाताखालून जातात. आणि रात्री घरचं आवरलं की मी तास-दीड तास पडद्यावरच्या माणसांना गोळ्या घालायचे. हे मला करावंसं का वाटतं आणि ते बरोबर आहे का, याचा या काही महिन्यांत मी मनापासून विचार केला आहे.

पुढे कथेतला मोठा भाग उघड होतो. खेळायचा असेल तर आधी खेळा, मग वाचा.

थोडक्यात ओळख. काळ १८९९चा, जागा अमेरिका. डच व्हॅन डर लिंड नावाच्या म्होरक्याची दरोडेखोरांची टोळी पोलिसांपासून पळत फिरते आहे आणि आपण तिच्यातला आर्थर मॉर्गन. नुसती कथा ५० तासांच्या आसपास आहे, रमतगमत खेळलात तर दुपटीनं धरा. संवाद इंग्रजीत, सबटायटल्स मराठीत किंवा हिंदीत नाहीत. अमेरिकेत याला १७ वर्षांपुढचं रेटिंग आहे, युरोपात १८.

हिंसक गेम खेळून माणूस हिंसक होतो का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मला तो सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या हजारावर ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मुलं कुठले गेम खेळतात ते मुलांना विचारलं, त्यांच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं आणि गेम किती हिंसक हे अधिकृत रेटिंगवरून ठरवलं. संबंध सापडला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२०मध्ये सांगितलं, की ओरडणं, ढकलणं अशा गोष्टींशी थोडासा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा आधार नाही. मला हे पटतं. पण एखादी गोष्ट केल्यानं कुणाला इजा झाली नाही, म्हणून ती करताना मला कशात आनंद वाटला हा प्रश्न सुटत नाही. तो माझा मलाच सोडवावा लागतो.

आणि आनंद वाटतो, हे आधी कबूल करायला हवं. या गेममध्ये ‘डेड आय’ नावाची सोय आहे. ती लावली की वेळ मंदावतो, पडद्याला पिवळट छटा येते, समोरच्यांच्या अंगावर आपण लाल फुल्या मारायच्या, आणि मग आर्थर सगळ्या गोळ्या एका दमात झाडतो. कॅरममध्ये राणी घेऊन लगेच कव्हर घातल्यावर जे वाटतं, ते इथे दर वेळी वाटतं. बरेच दिवस मी स्वतःला हेच सांगत होते, की हा नेमबाजीचा आनंद आहे, मारण्याचा नाही. मग एका संध्याकाळी मुद्दाम बाटल्यांवर नेम धरत बसले. डेड आय तेच, बंदूक तीच. पाच मिनिटांत कंटाळा आला. म्हणजे समोर माणूस आहे, तो माझ्यावर धावून येतोय आणि मी त्याला पाडते आहे, यानेच ती मजा तयार होते. याला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही.

मग ही मजा घ्यावी का? माझं उत्तर असं झालं आहे, की गेम त्या गोळीला शरीर आणि वेळ जोडून देतो का, यावर ते ठरतं. जिथे देतो तिथे मला तो खेळावासा वाटतो. जिथे देत नाही तिथे मला त्रास होतो, मग रक्ताचा थेंबही दिसत नसला तरी.

हे मला माझ्या मुलाच्या प्रश्नामुळे नीट कळलं. तो आठवीत आहे. सोसायटीतली मुलं संध्याकाळी खाली जमतात ती बऱ्याचदा बीजीएमआय खेळायला, म्हणजे मोबाइलवर इतर खेळाडूंशी लढायचा गोळीबाराचा गेम. मी त्याला त्यावरून बोलले, तेव्हा तो म्हणाला, “आई, माझ्या गेममध्ये रक्त हिरवं आहे. तुझ्या गेममध्ये लाल. मग वाईट कुठला?” प्रश्न अगदी बरोबर होता. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२०ला बंदी आली ती हिंसेमुळे आली नव्हती, डेटा आणि देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन ११८ अ‍ॅप्स एकत्र बंद केली होती. पुढच्या वर्षी तो बीजीएमआय म्हणून आला तेव्हा रक्त हिरवं करून आला. मी त्याच्या शेजारी बसून बरेच डाव बघितले. समोरचा पडतो आणि त्याच्या जागी एक पेटी उरते. पेटी उघडायची, गोळ्या, बँडेज, हेल्मेट काढून घ्यायचं, पुढे पळायचं. माणूस होता कुठे? तो पडल्याक्षणी सामान झाला.

रेड डेडमध्ये माणूस पडतो आणि तिथेच राहतो. काही जण लगेच मरत नाहीत, विव्हळत पडून राहतात. खिसे तपासायचे असतील तर आर्थर वाकतो, देहाला धरून हलवतो, चाचपडतो. घड्याळ निघतं, चिल्लर निघते, कधी घरचं पत्र निघतं. तेवढे सगळे सेकंद आपण बघत राहायचं. वाटसरूला विनाकारण मारून पुढे गेलात आणि काही दिवसांनी त्याच रस्त्याने आलात, तर प्रेत सडायला लागलेलं दिसतं. मुलाला मी सांगितलं, की रंगाचा प्रश्न नाही रे, तुझ्या गेममध्ये मेलेला माणूस तुला दिसतच नाही, आणि मला तेच खटकतं. त्याला ते पूर्ण पटलं नाही. “पण ते सगळे परत लॉबीत जातात ना आई, त्यांनाही माहीत असतं की खेळ आहे,” असं त्याचं म्हणणं (लॉबी म्हणजे पुढच्या डावाआधी थांबायची जागा), आणि त्यातही तथ्य आहे. दोघांनी ठरवून खेळलेली लढाई आणि पळून जाणाऱ्या वाटसरूला पाठीत घातलेली गोळी यांत फरक आहेच. त्यामुळे मी बीजीएमआय बंद केलेला नाही, वेळ ठरवून दिली आहे. रेड डेड मात्र त्याने १८ वर्षांचा होईपर्यंत खेळायचा नाही, हे आमच्यात स्पष्ट आहे.

आता खांद्याबद्दल, कारण हे माझ्याशिवाय कोण लिहिणार. या गेमच्या कथेच्या तिसऱ्या भागात शत्रूची टोळी आर्थरला पकडते. शॉटगनची गोळी त्याच्या खांद्यात घुसते, त्याला उलटं टांगून ठेवतात. तो सुटतो आणि बंदुकीची दारू पेटवून स्वतःची जखम जाळून बंद करतो. दृश्य भयंकर आहे, मला बघवलं नाही. तो कसाबसा तळावर पोचतो, थोडा काळ लोटल्याचं दाखवतात, आणि मग आपल्या हातात परत तोच आर्थर. धनुष्य ओढतो, घोड्यावर हरीण उचलून टाकतो.

खांद्याचा सांधा कसा असतो ते सांगते. उथळ खोबणीत मोठा गोळा, आणि त्याला धरून ठेवणारे चार छोटे स्नायू. त्यांतल्या एकाचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, फाटून शिवला, तर साधारण सहा आठवडे पेशंटला स्वतःच्या ताकदीनं हात उचलू देत नाही. मग मी त्याचा हात धरून उचलते. मग तो भिंतीवर बोटं चढवतो, रोज एखादं बोट वर. अंबाडा घालता यावा म्हणून महिनोन् महिने रडत व्यायाम करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना गोळीबिळी लागलेली नव्हती, नुसता खांदा जखडला होता. शॉटगननं त्या जागी काय होईल याची मला कल्पना करता येते; आर्थर पुन्हा कधी धनुष्य ओढू शकला नसता. रक्त दाखवण्यात हा गेम कुठेही हात आखडता घेत नाही. पण जखमेनंतरचं आयुष्य त्याने तिथे गिळून टाकलं, आणि हिंसेबद्दलचं मोठं खोटं हेच आहे, माझ्या मते. गोळी लागली की माणूस मरतो किंवा बरा होतो, असं सगळे गेम शिकवतात. बहुतेक माणसं या दोन्हींच्या मध्ये राहतात, वर्षानुवर्षं.

म्हणूनच या गेमनं पुढे जे केलं त्याने मी हादरले. कथेच्या दुसऱ्या भागात टोळीतला सावकार आर्थरला वसुलीला पाठवतो. थॉमस डाउन्स नावाचा एक खंगलेला शेतकरी असतो. त्याला मारायचं, बटण आपणच दाबायचं, दुसरा पर्याय नाही. तो मार खाताना आर्थरच्या तोंडावर खोकतो. पुढे कितीतरी तासांचा खेळ होतो, आणि मग सेंट डेनिस शहराच्या रस्त्यात आर्थर कोसळतो आणि डॉक्टर सांगतो, क्षय आहे.

क्षय आपल्याला परका नाही. जगातले साधारण चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. आज नेहमीच्या क्षयाला सहा महिन्यांचा कोर्स आहे आणि सरकारी केंद्रात औषधं फुकट मिळतात. १८९९मध्ये जंतू माहीत होता, रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने तो १८८२मध्येच दाखवला होता, पण त्याला मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३मध्ये. आर्थरकडे काहीच नाही. शेवटच्या भागात तो वाळतो, डोळे लाल होतात, खोकल्यानं वाक्य तुटतं. माझ्याकडे क्षय बरा झालेले पण फुप्फुस खराब झालेले पेशंट येतात, तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये श्वास ओढायला. पहिला चेंडू वर जातो, दुसरा थरथरतो, तिसरा जागचा हलत नाही. आर्थर घोड्यावरून उतरून खोकायला लागला की मला तो तिसरा चेंडू दिसायचा. आपण केलेली मारहाण आपल्याच फुप्फुसात जाऊन बसली, हे कुठलंही पात्र भाषण देऊन सांगत नाही, खेळणाऱ्याला ते आपोआप जोडावं लागतं. गेममध्ये हिंसेची किंमत इतकी खरी दाखवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. डाउन्सची बायको आणि मुलगाही पुढे भेटतात, कुठल्या अवस्थेत ते लिहीत नाही.

दुर्दैवानं हाच गेम स्वतःचं ऐकत नाही. दृश्यात आर्थर पश्चात्तापानं बोलतो आणि पुढच्या मिशनमध्ये आपल्याला पुन्हा डझनावारी माणसं पाडायला लावतात. स्ट्रॉबेरी गावात टोळीतल्या मायका बेलला तुरुंगातून सोडवायचं मिशन मला सर्वांत जड गेलं. सुटल्यावर त्याला आपली पिस्तुलं परत हवी असतात, आणि तेवढ्यासाठी अख्खं गाव गोळीबारात निघतं. त्यात गेम तुम्हाला काही विचारत नाही. चांगल्या-वाईट वागण्याची एक ‘ऑनर’ पट्टी आहे, पण मिशनमध्ये मारलेल्यांनी ती सहसा हलत नाही. पकडलेला मासा पाण्यात परत सोडला तर मात्र ती वाढते. हा हिशेब मला अजिबात मान्य नाही. पट्टीकडे बघणं मी सोडून दिलं आणि स्वतःचं ठरवलं: मिशनबाहेर कुणावर आधी हात उचलायचा नाही, जमेल तिथे दोरी टाकून बांधायचं, आणि वाट अडवणाऱ्यापासून घोडा पळवायचा. असं खेळताही येतं, आणि खेळ अधिक अवघड, अधिक चांगला होतो.

शिकारीबद्दल आमच्या घरात वाद झाला. सासूबाई हॉलमध्ये जप करत बसायच्या, कधी मान वर करून बघायच्या. घोड्याला खरारा करताना त्यांना आवडायचं. एकदा माझा बाण हरणाच्या पोटात लागला आणि ते ओरडत धडपडत राहिलं. मग सुरीनं संपवणं, मग कातडं सोलणं, सगळं अगदी जवळून. “अगं, हे बघायलाच हवं का?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “आई, मटण आपण खातो, ते असंच येतं.” त्या म्हणाल्या, “खाणं वेगळं. तू कातडं विकतेस.” त्यांचं बरोबर होतं, जेवायला तळावर भरपूर असताना मी नवी पिशवी शिवून घेण्यासाठी मारत होते. तेव्हापासून नुसत्या कातड्यासाठी शिकार मी बंद केली. ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाला लागून राहणाऱ्या आम्हा लोकांना बिबट्या दिसला की फोटोचं कौतुक असतं. गेममध्ये तसाच एखादा प्राणी समोर आला की आता मी घोडा उभा करून नुसती बघते.

गेम कुणी घ्यावा? सावकाश चालणाऱ्या गोष्टींचा कंटाळा नसेल तर जरूर घ्या. सुरुवातीचा बर्फातला भाग रेंगाळतो, तो सोसा. एक त्रास मात्र सांगून ठेवते: माणसाकडे वळून नमस्कार करायचं आणि बंदूक रोखायचं बटण एकच आहे, पीएस-४च्या कंट्रोलरवरचं एल-२. हातात हत्यार असेल तर साध्या वाटसरूवर नळी रोखली जाते आणि तो घाबरून पळतो. गावात शिरायच्या आधी हत्यार ठेवून द्यायची सवय लावा. पीएस-४ची सेकंड हँड प्रत घेणार असाल, तर आत डेटाची आणि खेळायची अशा दोन्ही डिस्क आहेत ना, ते दुकानातच उघडून बघा.