एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी नाटो की क्वाड?

पुण्यात संरक्षण आणि सामरिकशास्त्रात एम.ए. करणाऱ्यांचा विषय ठरवताना बहुतेक वेळा इथेच घोळ होतो. अमेरिका-रशिया वैर घेतलं की नाटो (अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी आघाडी) येते, अमेरिका-चीन घेतलं की क्वाड (भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाचा गट). दोन्ही नावं रोज बातम्यांत असतात म्हणून एकाच जातीची वाटतात. तशी ती नाहीत. नाटो लेखी करारावर उभी आहे. क्वाडला करारच नाही. गाइडपुढे बसण्याआधी एवढं पक्कं ठेवा.

नाटोची जमेची बाजू म्हणजे कागद. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी सह्या केल्या. करार अवघ्या १४ कलमांचा, एका बैठकीत वाचून होतो. आज सदस्य ३२ आहेत. फिनलंड २०२३ मध्ये आला, स्वीडन २०२४ मध्ये. सगळ्यात गाजतं ते कलम ५, आणि तेच अर्धवट सांगितलं जातं. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, इथपर्यंत ठीक. पण प्रत्येकाने फौज धाडलीच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. ज्याला जी कृती आवश्यक वाटेल ती त्याने करायची. आपोआप युद्धात ओढलं जाणं अमेरिकी सिनेटला पचणारं नव्हतं, म्हणून ही मोकळीक ठेवली गेली. शिवाय हे कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. सोव्हिएत रशियापासून युरोपला वाचवायला उभी केलेली व्यवस्था वापरली गेली ती अमेरिकेसाठी! माझ्या मते नाटोवरचा चांगला लघुप्रबंध इथून सुरू होतो, युक्रेनपासून नाही.

युक्रेन नको, कारण तिथे गर्दी आहे आणि चित्र रोज बदलतं. त्यापेक्षा प्रश्न लहान घ्या. फ्रान्स १९६६ मध्ये नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडला, २००९ मध्ये परतला, आणि मधली सगळी वर्षं करारात मात्र होता. हे कसं जमलं? किंवा संरक्षणखर्च घ्या: २०१४ मध्ये वेल्सच्या शिखर परिषदेत जीडीपीच्या २ टक्क्यांचं उद्दिष्ट ठरलं, २०२५ मध्ये हेगला २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचं.

क्वाडकडे वळलं की हाताला फारसं लागत नाही. २००७ मध्ये सुरुवात, ऑस्ट्रेलियाची माघार, मग २०१७ मध्ये पुन्हा बैठका. सचिवालय नाही, संयुक्त कमांड नाही. मिळतात ती संयुक्त निवेदनं, आणि त्यांत चीनचं नाव सहसा घेतलेलं नसतं. मलबार हा नौदल सराव १९९२ पासूनचा, मुळात भारत-अमेरिकेचा. जपान २०१५ मध्ये कायमचा आला, ऑस्ट्रेलिया २०२० मध्ये परतला. देश तेच चार असले तरी तो क्वाडचा सराव नव्हे. व्हायवात यावरच पकडतात.

तरीही आशियाच घ्यायचा असेल, तर साहित्य आपल्या दाराशी आहे. औंधच्या लष्करी तळावर २०१६ मध्ये भारत आणि चीनचा ‘हँड इन हँड’ सराव झाला. पुढच्याच जूनमध्ये डोकलाम पेटलं. त्याच औंधला नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाबरोबर ‘ऑस्ट्राहिंद’ झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये उझबेकिस्तानबरोबर ‘दस्तलिक’. पहिला देश क्वाडमधला, दुसरा शांघाय सहकार्य संघटनेतला, जिथे चीन आणि रशियाच्या शेजारी भारतही २०१७ पासून बसतो. (तळात पाऊल टाकायला मिळेल ही आशा नको, संरक्षण मंत्रालयाच्या पत्रकांवरच भागवावं लागेल.)

पलीकडच्या बाजूबद्दल थोडक्यात. चीनचा लेखी संरक्षण करार उत्तर कोरियाशी, १९६१ चा. रशियाने तसा करार त्याच देशाशी २०२४ मध्ये केला. सीएसटीओ या रशियाच्या स्वतःच्या लष्करी आघाडीतला सहभाग आर्मेनियाने त्याच वर्षी गोठवला. पण मूळ कागद वाचायला रशियन किंवा चिनी येत नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

मला विचाराल तर एका सत्राच्या मुदतीत नाटो, तीही फ्रान्सवाली. मुदत जास्त असेल आणि पुण्यातल्या इतक्या मुलांसारखं तुम्हीही जपानी शिकला असाल, तर दोन्ही सोडा आणि १९६० चा अमेरिका-जपान करार घ्या. शत्रू चीन, कागद लेखी, कलमं मोजकी. जपानच्या प्रशासनाखालच्या प्रदेशावर हल्ला झाला तर अमेरिका बांधील. अमेरिकेच्या भूमीवर झाला तर जपानवर तशी सक्ती नाही, त्याने बदल्यात तळ दिलेत. जपानच्या ताब्यातली, पण चीन दावा सांगतो ती सेनकाकू बेटं या करारात येतात, हे ओबामांनी २०१४ मध्ये उघडपणे सांगितलं.

आणि क्वाडच करायचं ठरलं असेल, तर शीर्षकातले ‘लष्करी आघाडी’ हे शब्द आजच खोडा.