लॅक्टुलोज सिरप: पिल्लाच्या लिव्हर शंटसाठी सहा महिने वापरलं

माणसांना बद्धकोष्ठाला देतात तेच सिरप हे, कुत्र्यांचं वेगळं काही नाही. माझ्या यॉर्कीला, बटूला, पाच महिन्यांचा असताना लिव्हर शंट (रक्त लिव्हरला वळसा घालून नेणारी जादा नस) निघाला तेव्हापासून दिवसातून तीनदा देत होते. ५ पैकी ४ स्टार, एक कापला तो चिकटपणाचा.

आधी मागचं थोडं सांगते. बटू वाढतच नव्हता, बरोबरची भावंडं दुप्पट झाली तरी हा आपला एका हातात मावणारा. जेवला की तासा-दोन तासांत झोकांड्या खायचा, एकदा तर कपाटाच्या दाराला डोकं दाबून तसाच उभा, हाका मारल्या तरी ढिम्म. आधीच्या डॉक्टरांनी जंताचं औषध आणि टॉनिक दिलं, त्यात दीड महिना गेला (त्याचा राग अजून आहे). दुसऱ्यांनी पहिलंच विचारलं, "हे जेवल्यावरच होतं का?" मग लिव्हर नीट काम करतं का ते बघणारी बाइल ॲसिड टेस्ट, म्हणजे १२ तास उपाशी ठेवून एकदा रक्त घ्यायचं, खायला घालायचं आणि २ तासांनी परत घ्यायचं. दुसरा आकडा १८० च्या वर आला, जिथे तो साधारण २५ च्या आत हवा. पण यॉर्की, माल्टीज अशा छोट्या जातींमध्ये लिव्हरच्या आतल्या बारीक नसांचा एक वेगळा आजारही असतो, त्यातही हा आकडा वाढतो, म्हणून सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारं स्कॅन) केलं. त्यात स्पष्ट दिसलं, आतड्याकडून येणारं रक्त लिव्हरला टांग मारून एका जादा नसेतून थेट हृदयाकडच्या मोठ्या शिरेत चाललेलं.

आता सिरपकडे. लिव्हरमधून रक्त गाळून जात नाही म्हणून आतड्यातला अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो, ते डोकं दाबणं वगैरे त्यामुळेच. लॅक्टुलोज पचतच नाही, मोठ्या आतड्यातले जंतू ते खातात, त्याचं ॲसिड बनतं आणि त्यात अमोनियाचं असं रूप होतं की ते रक्तात परत शिरू शकत नाही, शीबरोबर बाहेर. आमच्याकडे चौथ्या दिवशी बटू जेवून चक्क खेळायला लागला. मी रडले.

डोस किती ते डॉक्टर सांगतात पण खरा काटा म्हणजे शी. दिवसाला दोन-तीनदा, मऊ पण आकार असलेली. मी उत्साहात एकदा जास्त दिलं तर पाण्यासारखी झाली, पिल्लू सुकलं आणि उलट जास्तच सुस्त झालं, रात्री धावपळ. आणि बद्धकोष्ठ झालं तर अमोनिया आत साठतो, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

चिकटपणा मात्र वैताग आहे. सिरिंजचा दांडा दुसऱ्या दिवशी हलतच नाही, लगेच गरम पाण्यात टाका, दोन सिरिंज ठेवा. हनुवटीच्या केसांच्या गुठळ्या होतात, मुंग्या येतात. आणि घेताना लेबल वाचा, झायलिटॉल नको, ते कुत्र्यांना विष आहे.

नुसत्या सिरपवर भागत नाही, सोबत अँटिबायोटिक आणि खाण्यात बदल. मी नेटवर वाचून प्रोटीन जवळजवळ बंदच करायला निघाले होते, डॉक्टर ओरडले, वाढतं पिल्लू आहे ते! बेताचं प्रोटीन, पण चांगलं, मटण-चिकनपेक्षा दुधाचं किंवा सोयाचं, आणि थोडं थोडं चार वेळा.

या सिरपचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे ते फार छान चालतं. बटू इतका नॉर्मल वाटायला लागला की ऑपरेशन पुढे ढकलू असं घरात सुरू झालं होतं, पण नस तिथेच होती ना. शेवटी केलं. त्या नसेभोवती एक रिंग बसवतात, तिच्या आतलं केसीन, दुधातलं प्रोटीनच ते, ओलावा शोषून हळूहळू फुगतं आणि काही आठवड्यांत नस बंद होत जाते. एकदम बांधली तर पोटातल्या शिरांमध्ये प्रेशर वाढून जीवावर बेतू शकतं. ऑपरेशननंतरही सिरप चालूच होतं, तीन महिन्यांनी बाइल ॲसिड परत केलं, आकडा बराच खाली आला, मग डोस कमी करत करत मागच्या आठवड्यात बंद. अर्धी बाटली उरलीय, मुंग्यांनी अजून पत्ता सोडलेला नाही.