ब्रिस्बेनचा बसवे आणि सनशाईन कोस्टची ट्रेन: दोन्ही वापरणारीचा रिव्ह्यू

ब्रिस्बेनच्या उत्तरेला असलेल्या सनशाईन कोस्ट या किनारी भागात ट्रेन न्यावी की बसवे (फक्त बससाठीचा वेगळा रस्ता) करावा यावर इथे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहे, आणि आपली नवीन आलेली मंडळी विचारत असतात की गाडी न घेता तिकडे राहणं जमेल का, म्हणून दोन्ही सेवांचा एकत्रच रिव्ह्यू लिहितेय. ऑफिसला मी बसवेनेच जाते आणि आतेबहीण सनशाईन कोस्टवरच्या कलाउंड्राला राहते त्यामुळे ट्रेनने तिकडेही जाणं होतं.

आधी बसवे, म्हणजे ब्रिस्बेनचा साऊथ ईस्ट बसवे. माझ्याकडून ५ पैकी ४.५. पुण्याची बीआरटी वापरलेल्यांना बसवे म्हटलं की रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावलेली लेन आणि त्यात घुसलेल्या टू-व्हीलर आठवतात, ते चित्र डोक्यातून काढून टाका. हा पूर्ण वेगळा रस्ता आहे, स्वतःचे पूल, बोगदे, रेल्वेसारखी स्टेशनं, आणि खाजगी गाड्यांना त्यावर मुळात एंट्रीच नाही. पहिला तुकडा २००० साली सुरू झाला आणि २००१ मध्ये दक्षिणेकडच्या एट माईल प्लेन्स या उपनगरापर्यंत पोचला, साधारण १६ किलोमीटर. शेजारच्या मोटरवेवर सकाळी गाड्या तुंबलेल्या असतात आणि आपली बस बाजूने सुसाट निघून जाते.

पण याची खरी ताकद स्पीड नाहीये. बस आधी सबर्बमधल्या गल्ल्यांतून फिरून माणसं गोळा करते, मग बसवेवर चढते आणि थेट शहरात नेऊन सोडते, मधे कुठे उतरून बदलायची भानगड नाही. घराजवळच्या स्टॉपवर बसलात की ऑफिसजवळच उतरायचं. पसरलेल्या, बैठ्या घरांच्या शहरात ट्रेनला हे कधीच जमणार नाही कारण ट्रेन काय तुमच्या गल्लीत येणार नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्धा मार्क कापला तो शहराच्या तोंडाशी होणाऱ्या गर्दीसाठी. सगळे रूट एकाच बसवेवर आले की ऑफिसच्या वेळी कल्चरल सेंटर स्टेशनला बसमागे बस अशी रांग लागते. त्यावर उपाय म्हणून तिथून शहरात जाणारा व्हिक्टोरिया ब्रिज २०२१ मध्ये खाजगी गाड्यांना बंद केला, आणि २०२५ पासून २४ मीटर लांबीच्या, तीन डब्यांच्या स्विस इलेक्ट्रिक बस आल्यात, एका वेळी दीडशे माणसं घेणाऱ्या. त्याला मेट्रो म्हणतात पण रबरी टायरची बसच आहे ती, आणि प्रवास खरंच छान शांत होतो, उभं राहिलं तरी धक्के बसत नाहीत.

आता ट्रेन. ५ पैकी ३. भाड्याला मात्र पैकीच्या पैकी, कारण ऑगस्ट २०२४ पासून जवळपास कुठेही जा, पन्नास सेंट, म्हणजे आपले तीसेक रुपये, आणि त्यात तुम्ही ब्रिस्बेनहून पार नॅम्बोरपर्यंत जाता, शंभरेक किलोमीटर. इथल्या नव्या पिढीच्या सहा डब्यांच्या गाड्या आपल्या बडोद्याजवळ सावलीला बनल्यात हे माहीत असलं की बसताना जरा वेगळंच बरं वाटतं. एसी, टॉयलेट, लांबच्या प्रवासाला म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन जायचं तर हे फार महत्त्वाचं आहे, बसमध्ये दीड-दोन तास बाथरूमशिवाय काढणं माझ्या आईला तरी जमत नाही.

दोन मार्क कशाचे गेले? एक, वाटेतल्या बीयरबरम स्टेशनच्या पुढे नॅम्बोरपर्यंतचा रूळ बहुतांशी एकेरी. दुहेरी रूळ २००९ मध्ये बीयरबरमपर्यंत आला. समोरून गाडी येणार असेल तर आपण लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबायचं, इंजिन धडधडत येतं, मागून कंटेनरचे डबे एकामागून एक सरकत जातात आणि मग कुठे आपली ट्रेन हलते. उत्तरेला केर्न्सकडे रेल्वेने जाणारा मालही याच रुळावरून जातो. मग गाड्या वाढवायच्या कशा? ट्रेन की बस या भांडणात हा एकेरी रूळ कुणाच्या बोलण्यात येत नाही आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण हा दुहेरी झाल्याशिवाय पुढे किनाऱ्यापर्यंत कितीही भारी लाइन बांधा, गाड्या मागेच अडकणार.

दुसरं म्हणजे ट्रेन किनाऱ्याला जातच नाही. ही लाइन १८९१ ची, लाकूड आणि ऊस वाहणाऱ्या डोंगराकडच्या गावांमधून काढलेली, आणि लोक नंतर राहायला गेले समुद्राकाठी. त्यामुळे वाटेतल्या लँड्सबरो स्टेशनला उतरून बस पकडा आणि तीच बस बाकीच्या ट्रॅफिकमधून हळूहळू वीसेक किलोमीटर जाणार. आतेबहिणीकडे पोचेपर्यंत मुलं कंटाळून जातात.

आता नवीन प्लॅन. याच लाइनवरच्या बीयरवाहून किनाऱ्यावरच्या कलाउंड्रा आणि पुढे मारूचीडोर अशा रेल्वेसाठी साधारण २००१ च्या सुमारास अभ्यास होऊन जमिनीचा पट्टा राखून ठेवलाय. ब्रिस्बेनला २०३२ चं ऑलिंपिक मिळालं आणि फाइल हलली. २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की ट्रेन कलाउंड्रावरून बर्टिनियापर्यंत जाईल, आणि तिथून मारूचीडोर आणि एअरपोर्टला मेट्रोसारख्या बस. बर्टिनियापर्यंत ट्रेन हा निर्णय मला मनापासून आवडलाय, तिथे २०१७ मध्ये सुरू झालेलं मोठं युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आहे, आणि कलाउंड्राच्या दक्षिणेला ऑरा नावाचं पन्नासेक हजार वस्तीचं नवीन उपनगर उभं राहतंय.

बर्टिनियाच्या पुढचं मात्र पटत नाही. ब्रिस्बेनचा बसवे चालतो कारण तिथे उतरावं लागत नाही, आणि इथे बसवे अशा जागी टाकताय की ट्रेनमधून आलेल्या प्रत्येकाला उतरावंच लागेल. ट्रेनमधून एकदम काहीशे माणसं बॅगा, स्ट्रोलर, सर्फबोर्ड घेऊन उतरणार आणि दीडशेची एक बस समोर उभी, लाँग वीकेंडला काय होईल विचार करा. मारूचीडोरला नवीन सीबीडी, म्हणजे मुख्य बिझनेसचा भाग, बांधताय, तर ट्रेन तिथपर्यंत गेलीच पाहिजे.

समोरच्यांचं म्हणणंही चुकीचं नाही हां. बस स्वस्तात होते, लवकर होते, २०३२ फार लांब नाही. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला गोल्ड कोस्टवर तर असं मधे बदलणंच चालतं, तिथली जुनी रेल्वे १९६४ ला बंद केली, मग नव्वदच्या दशकात परत बांधावी लागली ती किनाऱ्यापासून आत, आणि हेलेन्सवेलला ट्रेनमधून उतरून २०१७ पासून ट्राम मिळते बीचवर जायला. बदलणं लोकांना चालतं कारण ट्राम सारखी येत असते, टाइमटेबल बघावं लागत नाही. पण १९६४ नंतरचा जमिनीचा धडाही तिथलाच आहे, एकदा पट्टा गेला की परत मिळत नाही.

त्यामुळे माझं म्हणणं असं की बसवे करा, पण मारूचीडोर ते कलाउंड्रा चालणाऱ्या रोजच्या लोकल बससुद्धा त्यावर चढू द्या, म्हणजे नर्स, विद्यार्थी, दुकानात काम करणारे यांना घराजवळून न बदलता जाता येईल, आणि रेल्वेचा राखीव पट्टा मारूचीडोरपर्यंत एक इंचही सोडू नका. न बांधलेल्या सेवेला स्टार देणं बरोबर नाही म्हणून देत नाही.

आत्ता जाणार असाल तर: मुलूलाबा किंवा कलाउंड्राला जायचं तर नॅम्बोरला न जाता लँड्सबरोला उतरा. जाताना डावीकडची सीट घ्या, बीयरबरमनंतर ग्लास हाऊस माउंटन्सचे सुळके अगदी खिडकीत येतात. आणि परतीच्या ट्रेनची वेळ बघूनच बीचवरून निघा, गाड्या कमी आहेत आणि एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ बसावं लागतं.