डायना अवॉर्डचं अँटी-बुलिंग अ‍ॅम्बॅसेडर ट्रेनिंग कसं आहे? यूकेतल्या मराठी पालकांसाठी रिव्ह्यू

आपल्या ग्रुपवर शाळांबद्दल बोलणं म्हणजे ग्रामर स्कूलचे कटऑफ, ट्यूशन आणि ऑफस्टेडचा (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा) रिपोर्ट, बास. पोराला शाळेत कोणी त्रास देत असेल तर तिथे नक्की कोण काय करतं हे कोणीच विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. लेक इयर नाइनला (तेरा-चौदा वर्षांची) आहे, शाळेने तिला आणि तिच्या वर्गातल्या अजून काही मुलांना डायना अवॉर्डच्या अँटी-बुलिंग अ‍ॅम्बॅसेडर ट्रेनिंगला पाठवलं होतं, म्हणजे ज्यांना शाळेत त्रास दिला जातो त्यांच्या मदतीला शाळेतलीच मुलं तयार करायची. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि अर्धा का कापला तेही खाली सांगते.

द डायना अवॉर्ड ही प्रिन्सेस डायनाच्या स्मरणार्थ 1999 साली सुरू झालेली संस्था, आणि हा प्रोग्राम त्यांनी 2011 पासून चालवलाय. तो उभा केला अ‍ॅलेक्स होम्सने, ज्याला स्वतःला शाळेत भरपूर त्रास झाला होता आणि ज्याने शाळेत असतानाच यावर काम चालू केलं होतं. मला वाटतं म्हणूनच यात मोठ्यांचं भाषण कमी आणि पोरांचं डोकं जास्त आहे. कारण खरं बघा, पोरं असलं काही आधी दुसऱ्या पोरांनाच सांगतात, आईबाबांपर्यंत आणि टीचरपर्यंत ते येतं शेवटी, आणि कित्येकदा येतच नाही.

ट्रेनिंगमधे सगळ्यात आधी बुलिंग कशाला म्हणायचं ते पक्कं करून घेतात. एकदा भांडण झालं म्हणजे बुलिंग नाही, समोरच्याला वाईट वाटावं, अवघडल्यासारखं व्हावं किंवा भीती वाटावी म्हणून मुद्दाम आणि पुन्हा पुन्हा केलेलं वागणं ते बुलिंग. त्यात तोंडाने बोलून केलेलं, मारझोड करून केलेलं आणि तिसरं आडून केलेलं, म्हणजे कोणी शेजारी येऊन बसलं की सगळ्यांनी सरकून घ्यायचं, एकमेकांकडे बघून हसायचं, पार्टीला एकालाच वगळायचं. हे तिसरं सगळ्यात वाईट कारण ना वळ उठतो ना पुरावा राहतो, आणि तक्रार केली तर ऐकायला मिळतं की अहो, पोरांचं काय, उद्या परत एकत्र खेळतील.

याचा उपयोग खरा कुठे झाला ते सांगते. इयर सेव्हनच्या (अकरा-बारा वर्षांच्या) एका मुलाला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढायचे, परत घ्यायचे, परत काढायचे, आणि ग्रुपच्या डीपीला त्याचाच जेवतानाचा फोटो लावलेला. त्याची बहीण आमच्या लेकीच्या वर्गात, तिच्याकडून कळलं. मला वाटलं आता आमची लेक ग्रुपमधल्या पोरांशी भांडणार, पण नाही. त्याला म्हणाली आधी स्क्रीनशॉट काढून ठेव आणि कोणालाही उलट उत्तर देऊ नकोस, उद्या ब्रेकला लायब्ररीबाहेर भेट. दुसऱ्या दिवशी दोन अ‍ॅम्बॅसेडर त्याच्याबरोबर बसले आणि मग त्याला विचारूनच त्याच्यासोबत टीचरकडे गेले. मी विचारलं तू डायरेक्ट त्या पोरांना का नाही झापलंस, तर म्हणे आई, आम्ही पोलीस नाही गं, आमचं काम त्याला एकटं न सोडायचं आणि मोठ्यांपर्यंत न्यायचं. मला ते फार पटलं, कारण माझी सगळ्यात मोठी धास्ती हीच होती की तेरा-चौदा वर्षांच्या पोरीवर दुसऱ्याच्या दुःखाचं ओझं टाकतायत. पण गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही, मारामारीत मधे पडायचं नाही, हे त्यांना स्पष्ट शिकवलेलं आहे.

आता कापलेला अर्धा मार्क. सगळं शाळेतल्या त्या एका टीचरवर अवलंबून आहे जो या मुलांना सांभाळतो. तो मनापासून करणारा असेल तर दर काही आठवड्यांनी मीटिंग होते, पोरं लहान वर्गांत जाऊन बोलतात, प्लॅन पुढे सरकतो, नाहीतर ब्लेझरवर बॅज आणि नोव्हेंबरातल्या अँटी-बुलिंग वीकमधे दोन वेगळ्या रंगाचे मोजे घालून फोटो, झालं. ऑड सॉक्स डे छानच असतो, छोटी पोरं खूश असतात, पण वर्षाचे बाकीचे दिवस कोण बघणार?

हे बघून भारतातल्या शाळांची आठवण येतेच. नाशकातल्या भाच्याच्या शाळेत ताईने तक्रार केली तेव्हा मस्ती करतात हो मुलं, एवढ्यावर बोळवण झाली होती. महाराष्ट्रात 2022 पासून शाळांमधे सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) नेमायची आहे, तक्रारपेटीही असते, म्हणजे कागदावर सोय आहे. पण पेटीत चिठ्ठी टाकायला जी हिंमत लागते ती शेजारी बसणारा मित्रच देऊ शकतो, आणि त्या मित्राला काय करायचं ते कोणीतरी शिकवायला हवं ना. एनएसएस करणारी कॉलेजची पोरं हे मराठी शाळांमधे सहज करू शकतील असं मला अगदी मनापासून वाटतं.

इथे ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: पालक म्हणून आपण डायरेक्ट नाव घालू शकत नाही, शाळेनेच रजिस्टर करावं लागतं. आमच्याकडे पैसे मागितले नाहीत. हेड ऑफ इयरला (त्या इयरच्या प्रमुख टीचरला) ईमेल करा, सप्टेंबरमधेच करा म्हणजे नोव्हेंबरच्या आधी काहीतरी हलेल. आणि टाळाटाळ झाली तर लक्षात ठेवा, इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना 2006 च्या एज्युकेशन अँड इन्स्पेक्शन्स अ‍ॅक्टप्रमाणे बुलिंग रोखायचे उपाय ठेवावेच लागतात, तर त्यांची बिहेवियर पॉलिसी मागून घ्या आणि त्यात मुलांना काय काम दिलंय ते विचारा.